शारदेच्या नावाचे सदन

शारदीय नवरात्रात घरोघरी सरस्वतीचे आवाहन होते. पाटीवर तिची आकृती रेखाटून मुलाबाळांकडून पूजन करविले जाते. या पर्वकाळी शारदेचेच नाव धारण करणाऱ्या एका शाळेचे स्मरण भाविक वाचकांस करून द्यावे, असे आम्हांस वाटते. ती शाळा काढणारी विदुषी ख्रिस्ती होती, हे आरंभीच सांगून ठेवतो.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न शास्त्री. पत्नीस व कन्येस संस्कृत शिकविले म्हणून त्यांना लोकापवाद सोसावा लागला. तीर्थोतीर्थी पुराण सांगावे आणि पुढे पडेल त्यावर निर्वाह करावा, असा त्या कुटुंबाचा क्रम होता; म्हणजे रमाबाई आम्हां कथेकऱ्यांच्याच घरातली लेक. दुष्काळाच्या त्या दिवसांत आई, वडील आणि थोरली बहीण त्यांनी गमावली. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या अर्पण केल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

दुर्बळ आणि टाकून दिलेल्या माणसाची सेवा तीच प्रभूची सेवा, हे येशू ख्रिस्ताच्या शिकवणुकीचे सार. रामेश्वरास नेण्याची कावड तहानेल्या गर्दभाच्या मुखी रिती करणाऱ्या एकनाथ महाराजांचे आख्यान आम्ही जन्मभर लावीत आलो आहो. तेव्हा हे सार आपणांस परके नाही. प्रश्न एवढाच की, ते शाळेच्या नित्यक्रमात कसे उतरवावयाचे?

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आले. बालविधवेचे दर्शन अशुभ मानून तिला माजघराच्या अंधारात कोंडण्याचा तो काळ. सदनात तिला पाटी-पुस्तक मिळाले, चार माणसांत बसता आले आणि तिच्या घरचा सोवळ्याओवळ्याचा आचारही पाळू दिला गेला. रमाबाई स्वतः प्रार्थनेस बसत, तेव्हा त्यांच्या खोलीचे दार उघडे असे. काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या आणि वादास तोंड फुटले. सदनात धर्मप्रसार होणार नाही, या भरवशावर लोकांनी लेकी पाठविल्या होत्या. त्यामुळे पालकांचा रोष अगदीच निराधार नव्हता. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांनी सदनाशी संबंध सोडला आणि अनेक मुलींना घरी नेण्यात आले.

यानंतर तीनच वर्षांनी दुष्काळ आला. १८९६-९७ च्या त्या आपत्तीत रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० निराधार मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. दौंडनजीक केडगाव येथे त्यांच्यासाठी ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. तेथे अक्षरांबरोबर विणकाम, शेती आणि छापखान्यातील खिळे जुळविणेही शिकविले जाई. आंधळ्या मुलींसाठी निराळी सोय होती. जिला जगाने टाकले, तिच्या हाती विद्या व उद्योग देऊन तिला स्वतःच्या पायांवर उभे करणे, हाच तेथील नित्याचा पाठ होता.

येथे भाविक वाचक विचारतील, “हे सारे खरे, पण त्यासाठी स्वधर्म सोडावा काय?” याचे उत्तर त्याच सदनाच्या इतिहासात आहे. शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई ही एक बालविधवा. १८९३ साली तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई झाली. ती हिंदूच राहिली. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी संस्था काढली. हिंगण्याच्या माळावर ती वाढली आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठही स्थापिले. केडगावी लावलेला दिवा आणि हिंगण्याचा दिवा यांची समई निराळी असेल. प्रकाशात भेद काढणे आम्हांस जमत नाही.

रमाबाईंनी धर्म सोडला याची खंत अनेकांनी केली. आपल्या घरातील मुंडित लेक ज्या दारी विसावली, ते दार आपले का नव्हते, याची खंत त्याहून मोठी असावयास हवी. पुराणिकाच्या कन्येस जी करुणा परक्या देशात दिसली, ती आमच्या पोथ्यांतही होती. आम्ही ती पोथीतच बांधून ठेविली.

वाचकहो, या नवरात्रात आपण कुमारिकांचे पाय धुवाल, त्यांना गोडधोड वाढाल. त्यांत एक अशी बोलवा की, जिला कोणी बोलवीत नाही: टाकलेल्या आईची, अपंग, अथवा अनाथ. नैवेद्यानंतर तिची वह्या-पुस्तके व शाळेचा खर्च आपल्या घराने वर्षभर उचलावा. शारदेचे आवाहन मंत्राने होते. तिची प्रतिष्ठापना अशा घरी होते.