वॉरंटी घेताना किलोमीटर मोजा

बीड जिल्ह्यात सात आसनी गाडी घेताना वाढीव वॉरंटीचा प्रश्न येतोच. मारुती सुझुकीने जुलै २०२४ पासून मूळ वॉरंटी ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर केली. जे आधी पूर्ण होईल ते. रोज १०० किलोमीटर धावणारी गाडी ही मर्यादा १,००० दिवसांत, म्हणजे तीन वर्षांच्या आतच ओलांडते. रोज ३० किलोमीटर चालणारी घरगुती गाडी मात्र तीन वर्षांत जेमतेम ३३,००० गाठते.

वॉरंटी असते निर्मितीतल्या दोषांसाठी. मांजरसुंब्याच्या घाटात भरल्या गाडीचे क्लच प्लेट आणि ब्रेक पॅड झिजतात, तो खर्च सहसा मालकाचाच. म्हणून पैसे भरण्याआधी वगळलेल्या भागांची यादी वाचा, किलोमीटरची अट तपासा आणि सर्व्हिसिंगचे प्रत्येक बिल जपून ठेवा.