स्त्रियांच्या बाह्य जननांगावरील निरुपद्रवी चामखीळ : स्वरूप, निदान व उपचार

प्रस्तावना

कारंजा म्हटले की 'लाड' की 'घाडगे', असा प्रश्न विदर्भात लगेच विचारला जातो. एक वाशिम जिल्ह्यातील, तर दुसरे वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. नाव एक असले तरी गावे दोन आहेत, हे पत्ता लिहिणारा विसरत नाही. 'चामखीळ' या शब्दाबाबत मात्र एवढी दक्षता घेतली जात नाही. मानेवर लोंबणारा मऊ त्वचेचा तुकडा, बोटावरील खरखरीत उंचवटा आणि जननांगावर विषाणूमुळे उठणारे कोंब, या तिन्हींना बोलीभाषेत बहुधा चामखीळ किंवा मस असेच म्हटले जाते. यांपैकी पहिला प्रकार निरुपद्रवी व असंसर्गजन्य आहे. उरलेले दोन विषाणुजन्य आहेत. वाढ मानेवर असेपर्यंत या फरकाचा फारसा विचार होत नाही. तशीच वाढ स्त्रीच्या बाह्य जननांगावर आढळली, की एका शब्दाच्या संदिग्धतेतून भीती, लपवाछपवी आणि प्रसंगी पतीपत्नींमधील संशय उद्भवतो. प्रस्तुत लेखात या निरुपद्रवी चामखिळीचे स्वरूप, तिची ओळख व उपचार यांचा विचार केला आहे.

स्वरूप व कारणे

ही चामखीळ म्हणजे त्वचेचीच एक लहानशी अतिरिक्त वाढ होय. तिच्या गाभ्यात सैल तंतुमय ऊती व सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात आणि वरून नेहमीच्या त्वचेचे आवरण असते. ती मऊ, त्वचेच्या रंगाची किंवा किंचित गडद असते आणि बहुधा बारीक देठावर लोंबते. आकार सामान्यतः काही मिलिमीटर असतो. क्वचित ती काही सेंटिमीटरपर्यंतही वाढते. जांघ, भगोष्ठ व गुदद्वाराभोवतीचा भाग ही तिची नेहमीची स्थाने आहेत.

तिचे एकच एक कारण सांगता येत नाही. जेथे त्वचेच्या घड्या एकमेकींवर घासतात तेथे ती अधिक आढळते. लठ्ठपणा, वाढते वय, मधुमेह व गर्भावस्थेतील संप्रेरकांचे बदल यांच्याशी तिचा संबंध दिसतो. अस्वच्छतेमुळे किंवा शरीरसंबंधामुळे ती होत नाही. तिचा संसर्ग पतीला होत नाही आणि गर्भधारणेत तिची बाधा येत नाही. या साध्या गोष्टी रुग्ण स्त्रीला स्पष्ट शब्दांत सांगणे हाच पुष्कळदा उपचाराचा मोठा भाग असतो.

मौन व घरगुती उपाय

अडचण अशी की ही गोष्ट डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष 1989 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वी त्यासाठी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या 8 टक्के होत्या. हा अभ्यास चामखिळीचा नव्हता, आणि त्यानंतर आरोग्यसेवेत पुष्कळ बदल झाले. तथापि या अवयवांविषयी बोलण्याचा संकोच अद्याप सरलेला नाही.

संकोचाची जागा घरगुती उपाय घेतात. घोड्याच्या शेपटीचा केस बांधणे, चुना व सोडा लावणे, रुईचा चीक किंवा बिब्बा लावणे हे उपाय सर्वपरिचित आहेत. हातावरील चामखिळीला बिब्बा लावणेही धोक्याचे असते. जननांगाची त्वचा तर अत्यंत नाजूक. तेथे बिब्ब्याने वा चुन्याने खोल भाजते, जखम चिघळते आणि व्रण राहतो. मूळ वाढ निरुपद्रवी असताना तिच्यावरील उपायच अपायकारक ठरावा, हे खेदजनक आहे.

निदान

निदान बहुधा केवळ पाहून होते. विषाणुजन्य कोंब खरखरीत, फुलकोबीसारखे व समूहाने येतात. ते मानवी पॅपिलोमा विषाणूच्या प्रामुख्याने 6 व 11 या प्रकारांमुळे होतात. येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवली पाहिजे. संसर्ग झाल्यानंतर असे कोंब दिसू लागण्यास महिने, कधी वर्षेही लागू शकतात. म्हणून खरोखरच विषाणुजन्य कोंब आढळले, तरी त्यावरून कोणाच्याही वर्तनाविषयी अलीकडचा निष्कर्ष काढता येत नाही. गरमी (उपदंश) या रोगातील उंचवटे चपटे, रुंद व ओलसर असतात. त्यासाठी रक्ततपासणी करावी लागते. योनिमुखाशी आतील बाजूस समान ओळीत दिसणारे बारीक मऊ दाणे हे अनेक स्त्रियांत नैसर्गिकच असतात. प्रसूतीनंतर योनिमुखाशी राहणाऱ्या त्वचेच्या झालरीसुद्धा रोग नव्हेत.

उलट चूकही घडते. गंभीर वाढीला 'साधी चामखीळ' समजून दुर्लक्षिले जाते. झपाट्याने वाढणारी, रंग बदलणारी, कठीण, व्रण पडलेली, आपोआप रक्त येणारी किंवा सतत खाजणारी वाढ असल्यास, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, तिचा तुकडा काढून तपासणे आवश्यक ठरते.

उपचार

त्रास नसल्यास उपचाराची गरज नाही. कपड्यांच्या घर्षणाने दुखणे, केस काढताना पात्याने कापले जाणे, देठाला पीळ बसून वाढ काळी पडणे व ठणकणे, किंवा केवळ मनाची अस्वस्थता, ही ती काढण्याची पुरेशी कारणे आहेत. जागा बधिर करून कात्रीने देठ कापणे किंवा विद्युत्‌उपकरणाने जाळणे ही काही मिनिटांची प्रक्रिया असून रुग्ण त्याच दिवशी घरी जाते. द्रवरूप नायट्रोजनने गोठवण्याची पद्धतही वापरतात. मात्र गव्हाळ व सावळ्या त्वचेवर तिचे पांढरे डाग राहण्याची शक्यता असते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ते आधीच सांगावे. त्यानंतर काही दिवस जागा कोरडी ठेवणे, सुती सैल कपडे वापरणे व जखम भरेपर्यंत शरीरसंबंध टाळणे एवढेच पथ्य. संशयास्पद वाढ काढल्यावर टाकून न देता ऊतितपासणीस पाठवावी.

कारंजा (घाडगे) तालुक्यातील स्त्रीला प्राथमिक तपासणीसाठी जवळच्या सरकारी दवाखान्यात जाता येते. पुढील सल्ल्यासाठी जिल्ह्यातच सेवाग्राम येथील 1969 साली सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था व सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. स्त्री डॉक्टरांकडून तपासणी व्हावी, अशी मागणी करण्यात काहीही गैर नाही. चामखिळी अनेक असतील आणि वजनही जास्त असेल, तर त्याच फेरीत रक्तातील साखर तपासून घ्यावी. गर्भावस्थेत उद्भवलेली चामखीळ प्रसूतीनंतर कधी आपोआप लहान होते. म्हणून त्रास नसल्यास बाळंतपणानंतर काही महिने वाट पाहून मगच ती काढण्याचा निर्णय घेतात.