गस्त सर्व्हरवरही हवी

मोहर्लीच्या प्रवेशद्वारापाशी पहाटे उभे राहिले, की ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प पाहावयास आलेल्यांच्या गाड्यांची रांग दिसते. बहुतेकांनी आपली जागा घरबसल्या संगणकावरून राखलेली असते. त्याच रस्त्यावरील एका गावात मात्र मी पाहिले त्या दिवशी रेशन दुकानापुढे बसलेल्या बायकांना दुपार टळली तरी धान्य मिळाले नव्हते. पोती दुकानात होती, शिधापत्रिका हातात होत्या, यंत्रावर अंगठाही उमटत होता; परंतु ‘सर्व्हर डाऊन’ होता.

हे दोन शब्द आपण आता ‘पाऊस आला’ म्हणावे तितक्या सहजतेने उच्चारतो, जणू तो निसर्गाचा कोप आहे. वस्तुतः सर्व्हर म्हणजे अनेकांच्या मागण्या एकाच वेळी ऐकून उत्तर देणारा मध्यवर्ती संगणक. तो चालू आहे काय, त्याच्यावर भार किती, साठवणीची जागा उरली आहे काय, ही झाली त्याची स्थिती. एका वेळी किती जोडण्या स्वीकाराव्यात, कोणास प्रवेश द्यावा, कोणत्या यंत्राशी बोलावे, हे ठरविणाऱ्या सूचना म्हणजे त्याची मांडणी. दोन्ही माणसांनी तपासावयाच्या गोष्टी आहेत.

ही तपासणीही निष्काळजीपणे करून चालत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक व व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले, ते केंद्रांना जोडणाऱ्या जाळ्याची क्षमता अजमावण्यासाठी दिलेल्या एका आज्ञेमुळे. अशी चुकीची आज्ञा अडविण्यासाठी ठेवलेल्या पहारेकरी प्रणालीतच दोष होता. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलीने जगातील सुमारे ८५ लाख संगणक ठप्प केले. त्या दिवशी भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. येथे विचार करावासा वाटतो. विमानाच्या प्रवाशासाठी कागद आणि लेखणी तत्काळ पुढे येते. पाच किलो धान्यासाठी आलेल्या मजूर स्त्रीला मात्र ‘उद्या या’ असे सांगितले जाते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न आहे तो नुकसान कोणाच्या खाती पडते हा. सर्व्हर बंद पडल्याने त्याची देखभाल करणाऱ्याचा त्या दिवसाचा पगार बुडत नाही. बुडते ती रांगेतल्या बाईची मजुरी. जी हानी करणाऱ्याच्या हिशेबात येतच नाही, ती टाळण्याची निकड त्याला भासणार कशी?

म्हणून तीन गोष्टी आवश्यक वाटतात. सर्व्हरची स्थिती रोज सकाळी दुकानाच्या फलकावर मराठीत लिहिली जावी, म्हणजे कामावर जावे की रांगेत बसावे हे लोकांना ठरविता येईल. मांडणीतील प्रत्येक बदलाची तारीख, वेळ आणि कारण नोंदले जावे, दुसऱ्या जाणकाराने तो तपासावा, आणि धान्यवाटपाच्या गर्दीच्या दिवसांत असे बदल करूच नयेत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की ठरावीक वेळेत यंत्र सुरू न झाल्यास नोंदवहीत सही-अंगठा घेऊन धान्य दिले जावे. ती दुकानदाराची मेहेरबानी नसावी, नियम असावा. नोंदवहीने गैरव्यवहाराला वाव मिळेल, ही शंका अनाठायी नाही. परंतु नोंदी नंतर ताडून पाहता येतात. उपाशी गेलेली रात्र मात्र भरून काढता येत नाही.

ताडोबाच्या जंगलात उन्हाळ्यात पाणवठ्यांवर लक्ष ठेवावे लागते. पाणी आटले की नाही, हे कळण्यासाठी वनरक्षक चितळ मरून पडण्याची वाट पाहत नाही. तो आधीच जाऊन पाहतो. आज गावाचाही एक पाणवठा दूर कोठेतरी एका बंद खोलीत आहे. त्यावर गस्त घालणारा कोण, हे विचारण्याचा अधिकार रांगेतल्या शेवटच्या माणसालाही असला पाहिजे.