क्लेम अडतो कुठे?

गेल्या वर्षी माझ्या पत्नीच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली. देऱ्यातल्या एका रुग्णालयाने विमा कंपनीकडे पूर्वमंजुरी मागितली. चार दिवस एकच उत्तर मिळत होते: ‘प्रलंबित’. कंपनी सोनोग्राफीच्या अहवालाची वाट पाहत होती. रुग्णालयाच्या मते तो केव्हाच पाठवला होता. पत्नी मात्र वेदनेने तळमळत होती.

मी संगणक प्रणाली बनवतो, त्यामुळे दोष कुठे आहे ते जाणवले. त्या यंत्रणेला ‘अर्ज’ कळत होता, ‘प्रकरण’ कळत नव्हते.

पगारवाटपाचे टप्पे दर महिन्याला तेच असतात. आजाराचे तसे नाही. एखाद्या तपासणीत नवे काही निघाले की वाट बदलते. आपल्याकडच्या सरकारी फाईलला कितीही नावे ठेवा, पण तिच्यात एका बाजूला पत्रव्यवहार आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येकाचा शेरा, सही, तारीख असते. चांगल्या प्रणालीतही हेच हवे: सर्व कागद एका क्रमांकाखाली, प्रकरण सध्या कोणाकडे, कशासाठी आणि कधीपर्यंत. पुढचे पाऊल जाणकार माणसाने ठरवावे. संगणकाने त्याला आठवण द्यावी.

दुबईत 2013 च्या 11 क्रमांकाच्या कायद्याने आरोग्य विमा सक्तीचा झाला. नोकरदाराचा हप्ता मालकाने भरायचा असतो. रुग्णालये व विमा कंपन्यांमधील मागण्या, मंजुऱ्या आणि क्लेम दुबई आरोग्य प्राधिकरणाच्या ‘ई-क्लेमलिंक’ यंत्रणेतून जातात. आजाराला जसा संकेतांक असतो, तसा नकाराच्या कारणालाही असतो. त्रुटी दूर करून मागणी पुन्हा पाठवता येते. म्हणजे नकार आला की प्रकरण संपले, असे नव्हे.

तेव्हा आपणही घरी एक फाईल ठेवावी:
1. मंजुरीच्या मागणीचा क्रमांक व तारीख.
2. अहवाल आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती.
3. कोणाशी, केव्हा, काय बोलणे झाले.
4. नकाराचे कारण, लेखी.

आमची मंजुरी पाचव्या दिवशी आली. मी दोन्हीकडे फोन करून एवढेच विचारले होते, “आपण नेमकी कशाची वाट पाहत आहात?” हा प्रश्न विचारायला संगणक अभियंता असावे लागत नाही. पहिल्याच दिवशी विचारा.