अनंताहूनही मोठं अनंत

१, २, ३, ४... या संख्या कधी संपत नाहीत. त्यातल्या फक्त सम संख्या वेचल्या तर त्या निम्म्याच भरतील, असं वाटतं. पण १ ची जोडी २ शी, २ ची ४ शी, ३ ची ६ शी लावत जा. दोन्हीकडे बिनजोडीचं कुणीच उरत नाही, म्हणजे दोन्ही अनंत सारखेच. अपूर्णांकांचंही तेच: ० आणि १ च्या दरम्यान ते दाटीवाटीने असले, तरी त्यांना ओळीने क्रमांक देता येतात. गॅलिलिओने १६३८ साली वर्गसंख्यांबाबत असंच काही पाहिलं आणि अनंताच्या बाबतीत लहान-मोठं ही भाषाच लागू होत नाही, असा निष्कर्ष काढला.

तो चुकला होता. जर्मनीतल्या हाले विद्यापीठात शिकवणाऱ्या गेओर्ग कँटरने १८७४ मध्ये ते सिद्ध केलं आणि १८९१ मध्ये त्याचीच एक अशी सिद्धता दिली, की तिच्याइतकी देखणी सिद्धता मला तरी दुसरी माहीत नाही. समजा, ० आणि १ मधल्या सगळ्या दशांश संख्यांची यादी कुणीतरी तयार केली:

१) ०.५०३१...
२) ०.४१७२...
३) ०.३३३३...
४) ०.७१८२...

आता पहिल्या संख्येचा पहिला अंक घ्या, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा. तिरकं उतरत ५, १, ३, २ मिळतात. जिथे १ असेल तिथे २ लिहा, बाकी सगळीकडे १. तयार झाली ०.१२११... ही संख्या पहिलीपेक्षा पहिल्या स्थानी वेगळी, दुसरीपेक्षा दुसऱ्या स्थानी, दहा लाखावीपेक्षा दहा लाखाव्या स्थानी. म्हणजे ती यादीत कुठेच नाही! तिला यादीत घुसवा, तर नव्या यादीतूनही अशीच एक निसटेल. १, २, ३... हे अख्खं अनंत खर्ची घातलं, तरी या संख्यांना ते पुरत नाही.

कँटर इथेच थांबला नाही. कोणताही संच घ्या, त्याच्या उपसंचांची संख्या त्याच्या घटकांहून जास्तच असते. १० घटकांचे उपसंच १,०२४. अनंत संचालाही हा नियम लागू पडतो, म्हणून प्रत्येक अनंताच्या वर आणखी मोठं अनंत आहे आणि सर्वांत मोठं असं कुठलंच नाही. उलट, मिलिमीटरभर रेषेवर जितके बिंदू, तितकेच साऱ्या अवकाशात! क्रोनेकरसारख्या बड्या गणितज्ञाने कँटरच्या या कामाला कडाडून विरोध केला.

मोजसंख्यांचं अनंत आणि रेषेवरच्या बिंदूंचं अनंत, यांच्यामध्ये तिसरं एखादं आहे का? १९०० साली गणितज्ञ हिल्बर्टने गणितातल्या न सुटलेल्या प्रश्नांच्या आपल्या प्रसिद्ध यादीत हा पहिला ठेवला. ग्योडेल आणि १९६३ मध्ये पॉल कोहेन या गणितज्ञांच्या कामातून कळलं, की गणिताच्या प्रचलित गृहीतकांवरून याचं ‘हो’ही सिद्ध होत नाही आणि ‘नाही’ही.

तिरक्या अंकांची ती युक्ती समजायला मात्र दशांश चिन्हापलीकडे काही लागत नाही. नववीत संच आणि वास्तव संख्या शिकवताना गणिताच्या शिक्षकांनी एक तास तिच्यासाठी जरूर काढावा.