मर्यादित शिल्पप्रतींचे मूल्यनिर्धारण

मर्यादित शिल्पप्रतींचे मूल्यनिर्धारण : एकाच मूळ नमुन्यावरून ठरावीक संख्येनेच काढलेल्या शिल्पांची विक्रीपूर्वी किंमत ठरविण्याची प्रक्रिया. अशा प्रतीवर सामान्यतः अपूर्णांकाच्या रूपात क्रमांक कोरलेला असतो, उदा., ३/८ म्हणजे आठ प्रतींपैकी तिसरी. हा क्रमांक वस्तुतः एक वचन असते : यापेक्षा अधिक प्रती निघणार नाहीत. ते वचन कोणी दिले, ते पाळले गेले किंवा नाही आणि त्याला पुरावा काय, यांची छाननी हाच मूल्यनिर्धारणाचा गाभा होय. ती सौद्यापूर्वीच करावी लागते. कारण कमी सांगितलेली किंमत मालकास पुढे वाढवून मिळत नाही आणि चुकीच्या वर्णनाने विकलेली प्रत मात्र त्याच्याकडे परत येऊ शकते.

ब्राँझशिल्पांच्या बाबतीत प्रतींची काटेकोर मर्यादा ही कल्पना तशी अलीकडची आहे. फ्रेंच शिल्पकार ओग्यूस्त रॉदँ (१८४०–१९१७) याने हयातीत मागणीनुसार प्रती ओतवून घेतल्या. त्यांतील बहुतेकांवर क्रमांक नाहीत. १९१६ मध्ये त्याने आपली शिल्पे व त्यांच्या प्रती काढण्याचा हक्क फ्रेंच शासनास दिला. त्यामुळे त्याच्या मृत्यूनंतरही पॅरिसच्या रॉदँ संग्रहालयाने अधिकृत प्रती ओतविल्या. पुढे फ्रान्समध्ये कलावंताच्या वा त्याच्या वारसांच्या देखरेखीखाली ओतलेल्या १२ प्रतीच मूळ कलाकृती मानाव्यात, असा दंडक रूढ झाला. त्यांपैकी आठ विक्रीसाठी व चार कलावंतासाठी. १९८१ च्या फ्रेंच आदेशानुसार अन्य प्रतींवर ‘पुनरुत्पादन’ हा शब्द अमिट रीतीने घालणे बंधनकारक झाले. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. रॉदँच्या शिल्पावर क्रमांक नसणे हे वैगुण्य नव्हे. हयातीतील अनांकित प्रत ही नंतरच्या क्रमांकित प्रतीपेक्षा सामान्यतः अधिक मोलाची ठरते.

ओतशाळेची मुद्राही सावधपणेच वाचावी लागते. अलेक्सी र्‍युदिए हा ओतारी १८९७ मध्ये मरण पावला. पण त्याचा मुलगा अझेन याने स्वतःच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५२ पर्यंत, बापाच्याच नावाची मुद्रा वापरली. साहजिकच ही मुद्रा असलेले रॉदँचे शिल्प त्याच्या हयातीतील असेल किंवा त्यानंतर पस्तीस वर्षांनीही ओतलेले असेल. निर्णय द्यावयाचा तो ओतशाळेच्या नोंदी, खरेदीच्या पावत्या, जुनी प्रदर्शनसूची आणि मालकीची अखंड साखळी यांवरून. केवळ प्रमाणपत्रावर विसंबणे धोक्याचे असते, कारण कागद बनविणे हे ब्राँझ ओतण्याहून कितीतरी सोपे आहे.

अनधिकृत प्रत ओळखण्याचे एक साधन म्हणजे मोजमाप. तयार ब्राँझवरूनच नवा साचा घेऊन ओतकाम केल्यास धातू थंड होताना आकुंचन पावतो आणि नवी प्रत पहिलीपेक्षा सुमारे १ ते २ टक्क्यांनी लहान भरते. बारीक तपशीलही बोथट होतात. तथापि हा नियम सर्वत्र सरसकट लावता येत नाही. एदगार दगा (१८३४–१९१७) याच्या मृत्यूनंतर त्याच्या घरात मेणाची व अन्य मऊ द्रव्यांची सुमारे दीडशे शिल्पे सापडली. त्यांतील सत्तराहून अधिक शिल्पांच्या प्रती एब्रार ओतशाळेने १९१९ पासून ओतल्या. त्यासाठी आधी ब्राँझचाच एक नमुनासंच करण्यात आला होता, हे तो संच १९७० नंतरच्या दशकात पुढे आला तेव्हा स्पष्ट झाले. म्हणजे बाजारात आलेल्या एब्रार प्रती तांत्रिक दृष्ट्या ब्राँझवरून घेतलेल्याच होत. तरीही दगाच्या ‘चौदा वर्षांची छोटी नर्तिका’ या शिल्पाची अशी एक प्रत २०२२ मध्ये न्यूयॉर्क येथे ४ कोटी १६ लाख डॉलरना विकली गेली. अधिकृतता ही शेवटी केवळ धातुशास्त्राची बाब नसते.

ब्राँझमध्ये १/८ ही प्रत ८/८ पेक्षा श्रेष्ठ असते, हा समज निराधार आहे. कोरीव ताम्रपटाची झीज होऊन नंतरचे ठसे फिके येतात, तसे येथे घडत नाही. पृष्ठभागावरील रंगछटा मात्र महत्त्वाची असते. ती रसायनांनी व काळाने आलेली असते आणि हौसेने घासूनपुसून चकचकीत केलेले शिल्प आपले मूल्य गमावून बसते. विक्रीपूर्वी मालकाने शक्यतो काहीही स्वच्छ करू नये.

किंमत ठरविताना तुलना करावयाची ती त्याच शिल्पाच्या, त्याच आकाराच्या व त्याच काळातील प्रतींच्या प्रत्यक्ष विक्रीशी; मागितलेल्या किंमतींशी नव्हे. विम्यासाठी काढलेले मूल्यही येथे उपयोगी पडत नाही. ते नवी प्रत मिळविण्याच्या खर्चावर आधारलेले असल्याने चढे असते. लिलावाचे आकडेही फसवे असतात. आल्बेर्तो जाकोमेत्ती (१९०१–६६) याच्या ‘चालणारा माणूस–१’ या शिल्पाच्या सहा क्रमांकित प्रतींपैकी २/६ ही प्रत ३ फेब्रुवारी २०१० रोजी लंडनमध्ये विकली गेली. पूर्वअंदाज १.२ ते १.८ कोटी पौंडांचा होता. हातोडा पडला तो ५.८ कोटींवर आणि जाहीर झालेली किंमत सुमारे ६.५ कोटी. मधले ७० लाख पौंड म्हणजे खरेदीदाराकडून लिलावगृहाने घेतलेला आकार. विक्रेत्याच्या हिशेबात तो धरता येत नाही.

चित्रपट व चित्रकथांतील पात्रांच्या राळमिश्रित मूर्तींना हीच तत्त्वे लागू पडतात, पण प्रमाण बदलते. तेथे एका आवृत्तीत शेकडो वा हजारो प्रती असतात व दुर्मिळता बेताचीच असते. मूळ खोका, आतील साच्यासारखे वेष्टन, सुटे हात वा शिरे यांपैकी एखादी वस्तू हरवली, तरी भाव लक्षणीय घटतो. उन्हाने उडालेला रंग, उष्णतेने वाकलेले भाग आणि चिकटवलेले तुकडे यांची छायाचित्रांसह नोंद करावी. त्याच पात्राची नवी मूर्ती उत्पादकाने बाजारात आणली, तर जुनीचा भाव कोसळू शकतो, कारण वचन असते ते त्या आवृत्तीपुरते, पात्रापुरते नव्हे. मूळ विक्रीची किंमत ही अनेक विक्रेत्यांना तळरेषा वाटते. प्रत्यक्षात बाजार तिच्या खालीही जातो.

भारतात १९९४ च्या दुरुस्तीने प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये कलम ५३ अ घालण्यात आले. त्यानुसार चित्र, शिल्प वा रेखाटन यांची मूळ प्रत दहा हजार रुपयांहून अधिक किंमतीस पुन्हा विकली गेल्यास, प्रताधिकाराची मुदत असेतोवर, मूळ हक्कधारक कलावंतास किंवा त्याच्या वारसांस त्या किंमतीत वाटा मागता येतो. हा वाटा १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. अपेक्षित निव्वळ रक्कम काढताना लिलावगृहाची दलाली, वाहतूक व विमा यांच्याबरोबर याचाही विचार करावा लागतो.