नळीकडं बघत का बसतात?

ताईंनो, ऊसतोडीला निघताना एक गोष्ट लक्षात ठेवा.

मागच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "मालकाला पान लागलं. दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर इंजेक्शन सोडून रक्ताची नळी ठेवून घड्याळ बघत बसले." सोबतचे म्हणायला लागले, उचला, मांत्रिकाकडं न्या. ताई थांबल्या. नळी आडवी केली, रक्त पाण्यासारखं वाहिलं आणि लगेच सलाईनमधून औषध सुरू झालं.

घोणस, फुरशाच्या विषानं रक्त गोठेनासं होतं. तेच बघायला २ मिली रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात. प्लास्टिकची नळी चालत नाही, तिच्यात चांगलं रक्तसुद्धा नीट गोठत नाही. रक्त गोठलं तर औषध लगेच देत नाहीत, पुन्हापुन्हा तपासतात. कारण हे औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्याची जोरात रिॲक्शन येऊ शकते. म्हणून पहिली नळी चांगली आली तरी पेशंटला घरी नेऊ नका, २४ तास राहू द्या.

नाग आणि मण्यारचं विष मात्र नसांवर जातं, ते या नळीत कळत नाही. मण्यार तर कोपीत झोपेतच चावतो, कधी खूणही दिसत नाही. पापण्या मिटायला लागल्या, बोलणं बोबडं झालं, गिळता येईना, की लगेच डॉक्टरांना हाक मारा.

दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. १०८ ला फोन करा, गाडी मोफत आहे. आणि चावल्याची वेळ डॉक्टरांना नक्की सांगा.